पॅड धुतलंस का?

गाडी चमकवायची म्हणून आपण मशीन घेतो, महागडं पॉलिश घेतो, यूट्यूबवर रात्र-रात्र जागतो. आणि ज्या स्पंजाने ती चमकवायची, त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. मीही बघितलं नव्हतं...

रविवारची सकाळ. पुण्यातल्या शहाण्या माणसाने या वेळी फर्ग्युसन रोडला जावं, ‘वैशाली’च्या दारात नंबर लावून उभं राहावं आणि अर्ध्या-पाऊण तासाने मिळालेला डोसा पाच मिनिटांत संपवावा. मी मात्र कोथरूडला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये बादलीत हात घालून एक पिवळा स्पंज दाबत बसलेली असते. वॉचमनकाका सुरुवातीला कौतुकाने बघायचे. आता त्यांना खात्री आहे की आयटीत काम करून माझ्या डोक्यावर परिणाम झालाय.

त्या स्पंजाला स्पंज म्हटलेलं खपत नाही हं. ते पॅड. पॉलिशिंग पॅड. आणि मी करते ते पॅड-वॉशिंग. त्याच्यासाठी वेगळा क्लीनर मिळतो, वेगळा ब्रश मिळतो, आणि हो, घरच्यांची वेगळी बोलणीही मिळतात.

पण ही गोष्ट खरं तर आमच्या बाबांच्या इंडिकाची आहे.

गडद निळी इंडिका व्हीटू, २००३ ची. बाबा टेल्कोत होते. कंपनीने २००३ साली नाव बदलून टाटा मोटर्स केलं, तरी आमच्या घरात आजही ‘टेल्को’च. पहाटे कोथरूडहून कंपनीची बस, पिंपरीचा प्लँट, आणि तिथे पेंट शॉप. इंडिका लाँच झाली १९९८ च्या डिसेंबरात. मी तेव्हा शाळेतही जात नव्हते, पण घरात त्या गाडीचं वातावरण कसं होतं ते आई अजून सांगते. आपल्या हातून जाणारी गाडी आपल्या दारात उभी असावी, एवढी एकच चैन बाबांनी आयुष्यात केली. २०१८ मध्ये कंपनीने इंडिका बनवणं थांबवलं. त्याच वर्षी आमच्या गाडीला पंधरा वर्षं झाली. बाबांनी आरटीओत जाऊन पाच वर्षं वाढवून आणली, २०२३ ला पुन्हा पाच. मी ‘बाबा, आता विकू या ना’ म्हणून बघितलं. त्यांनी पेपर खाली केला नाही.

ही गाडी त्यांच्याच शिफ्टमधून पुढे सरकली असेल का? कोण सांगणार! पण बाबा तसं मानतात, आणि आम्ही तो विषय काढत नाही.

तर २०२४ चा दसरा जवळ आला होता. मला बोनस मिळालेला, आणि बोनस मिळाला की माणूस काहीही करतो. मी एक ड्युअल अ‍ॅक्शन पॉलिशर मागवला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हे मशीन पॅडला नुसतं गोल फिरवत नाही, फिरवता फिरवता हलवतंही. नाना पेठेत किंवा कुठल्याही डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजमध्ये ‘रबिंग-पॉलिश मारून देतो’ म्हणतात, तिथलं मशीन बहुतेक वेळा रोटरी असतं. एकाच दिशेला गरगर फिरणारं. हात तयार असेल तर त्याने झटपट काम होतं, नसेल तर रंग जळतो. ड्युअल अ‍ॅक्शनवर नवशिक्याचंही निभावतं, असं सगळे सांगतात. सगळे सांगतात त्यात एक अट असते, ती कोणी मोठ्याने सांगत नाही.

पहिला प्रयोग मी टीममधल्या एकाच्या पांढऱ्या हॅचबॅकवर केला. छान झालं. पांढऱ्या रंगावर सगळंच छान दिसतं. पॅड तसंच पिशवीत घातलं आणि पिशवी डिकीत टाकली. तीन आठवडे ते तिथेच होतं, पुण्याच्या ऑक्टोबर हीटमध्ये, पार्किंगमधल्या धुळीसकट.

दसऱ्याच्या आदल्या शुक्रवारी मी रजा टाकली. बाबांना सरप्राइज द्यायचं होतं. पिशवीतून पॅड काढलं, जरा कडक लागलं हाताला. म्हटलं, पॉलिश लागलं की मऊ होईल. चार थेंब पॉलिश, मशीन सुरू, आणि बॉनेटवर पाऊण तास. पुसून बघते तर... चमकतंय की! दुपारच्या उजेडात मला चमकच दिसली.

संध्याकाळी बाबा खाली आले. पार्किंगची ट्यूबलाइट लागलेली होती. बाबा बॉनेटसमोर उभे राहिले, मान जरा तिरकी केली. पेंट शॉपमधली माणसं रंगाकडे कधी समोरून बघत नाहीत, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मग मीही मान तिरकी केली आणि पोटात गोळा आला. ट्यूबलाइटच्या प्रतिबिंबाभोवती बारीक बारीक गोल ओरखड्यांचं कोळिष्टक पसरलं होतं. मध्येच एक-दोन ठिकाणी स्प्रिंगसारखे वळलेले खोल चरे. सगळ्यावर दुधी धुरकटपणा.

बाबा एवढंच म्हणाले, “पॅड धुतलं होतंस का?”

मी काही बोलले नाही. बाबा वर गेले.

दुसऱ्या दिवशी दसरा. झेंडूचा हार गाडीला दरवर्षीसारखा लागला, लिंबू-मिरची लागली. कुंकवाचं स्वस्तिक बाबा दरवर्षी बॉनेटवर काढतात. त्या वर्षी त्यांनी ते काचेवर काढलं. इतर कोणाच्या लक्षातही आलं नसेल.

उष्ट्या ताटात श्रीखंड

दिवाळीनंतर मी धीर करून वाकडला एका डिटेलिंग स्टुडिओत गेले. मालक अठ्ठावीस-एकोणतीसचा, मूळचा लातूरकडचा. पुण्यात आला तो वॉशिंग सेंटरवर पाइप धरायला. आता स्वतःची दोन बेची जागा आहे आणि हाताखाली तीन पोरं. मी गाडी दाखवली, झालेलं सगळं सांगितलं. त्याने बॉनेटकडे बघितलं, मग म्हणाला, “पॅड आणलंय का?” आणलं होतं. त्याने अंगठ्याने दाबून बघितलं, वाकवलं. वाळलेल्या पॉलिशचा पापुद्रा टचकन उडाला.

“ताई, कालचं उष्टं ताट न धुता त्यात श्रीखंड वाढाल का तुम्ही?”

मग तो मला मागच्या बाजूला घेऊन गेला. तिथे भिंतीला लावलेल्या जाळीच्या मांडणीवर पॅड वाळत होती. केशरी, पिवळी, काळी, पांढरी, शिवाय मेंढीच्या लोकरीची दोन. चाळीसेक तरी असतील. “एकाचे आठशे-हजार धरा. माझी मशिनं एकदाच घेतली, पण हे भांडवल रोज झिजतंय. पोरांनी नीट धुतलं तर वर्ष काढतं, नाही धुतलं तर महिन्यात कचऱ्यात. आणि पॅड कचऱ्यात गेलं तर परवडलं हो, गिऱ्हाइकाचा रंग गेला तर काय?”

त्याने जे समजावून सांगितलं आणि मी नंतर वाचून-विचारून जे पक्कं केलं, ते थोडक्यात असं. फोमचं पॅड म्हणजे पॉलियुरेथेनचं, उघड्या भोकांचं जाळं. (हे पॉलियुरेथेन जर्मनीत ऑटो बायर यांनी १९३७ साली शोधलं. तुमची गादी, ऑफिसची खुर्ची आणि माझं पॅड अशी तिघं भावंडं आहेत.) त्यावर आपण जे कंपाउंड किंवा पॉलिश घेतो, त्यात अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडसारख्या कडक पदार्थाचे अतिशय बारीक कण असतात आणि ते सरकत राहावेत म्हणून तेल-पाण्याचं मिश्रण. मशीन फिरतं तसे ते कण रंगाचा वरचा थर अगदी किंचित झिजवतात, ओरखड्याच्या कडा सपाट होतात आणि प्रकाश सरळ परततो. यालाच आपण चमक म्हणतो.

आता तो झिजलेला रंग जातो कुठे? पॅडमध्येच. वापरून झालेले कणही पॅडमध्येच. पाणी उडून जातं, तेल उरतं, आणि सगळ्याचा मिळून लगदा होतो. पॅडची भोकं बुजली की त्यात हवा खेळत नाही, उष्णता वाढते. पॅड जड होतं. ड्युअल अ‍ॅक्शन मशीनमध्ये तर जड, चिकट पॅड गोल फिरायचंच थांबतं, नुसतं जागच्या जागी थरथरतं. (स्टुडिओतली पोरं मशीनच्या चकतीवर मार्करने एक काळी रेघ मारून ठेवतात. रेघ फिरताना दिसली तर पॅड फिरतंय.) आणि हा लगदा वाळला की मग विचारूच नका. पॉलिशचे कण सुटे असतात तेव्हा ते पॉलिश करतात. वाळून त्यांची ढेकळं झाली की ती सँडपेपरचं काम करतात. त्यात डिकीतली धूळ. म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी बाबांच्या गाडीला पाऊण तास, मन लावून, सँडपेपर मारत होते.

मायक्रॉनचा हिशेब

मालकाने मग एक छोटं यंत्र काढलं, पेंट थिकनेस गेज. पत्र्यावर टेकवलं की रंगाची एकूण जाडी मायक्रॉनमध्ये सांगतं. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा धरतात. कारखान्यातून निघालेल्या गाडीवर सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतात. तळाला गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंग, आणि मेटॅलिक गाडी असेल तर सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट. तो असतो ३५ ते ५० मायक्रॉन. आपण पॉलिश करतो ते या क्लिअर कोटलाच. ऊन सोसण्याची ताकदही त्याच्यातच असते. तो एका हद्दीपलीकडे पातळ झाला की उन्हाने फाटतो, पापुद्रे निघतात. रस्त्यावर अशा टपावर पांढरे नकाशे उमटलेल्या गाड्या तुम्ही पाहिल्या असतील.

आमच्या इंडिकाच्या टपावर आकडा आला ११८. दारांवर ११० च्या आसपास. बॉनेटवर ९६.

“आता हे ओरखडे काढायचे म्हणजे अजून तीन-चार मायक्रॉन जाणार,” मालक म्हणाला. “एकदा काढू. परत असं झालं तर मग रंगच लावावा लागेल, ताई. रंगाला काय, दोन दिवसांत करून देईल कोणीही.”

रंग लावायला हरकत काहीच नव्हती. पैसेही फार नव्हते. पण बाबांच्या दृष्टीने त्या बॉनेटवर पिंपरीच्या भट्टीतून भाजून निघालेला रंग आहे. गॅरेजमध्ये मारलेला रंग कितीही चांगला असला तरी तो नाही. ९६ मायक्रॉनमधले माझ्या वाट्याला आता तीन-चार होते, आणि ते एकदाच वापरता येणार होते.

मी मालकाला म्हटलं, “दादा, तुम्ही करू नका. मला शिकवा.” तो हसला. म्हणाला, “मग आधी पॅड धुवायला शिका. महिनाभर शनिवारी या. मशीनला हात लावायचा नाही.”

आईचं न्हाणीघर, माझी प्रयोगशाळा

शनिवारी वाकड आणि बाकी दिवस घरी प्रॅक्टिस, असं सुरू झालं. घरचे प्रयोग बहुतेक फसले.

पहिला प्रयोग भांडी घासायच्या लिक्विडचा. तेल निघतं, नाही असं नाही. पण फोमच्या पोटात गेलेला तो फेस काही केल्या बाहेर येत नाही. पाचव्या बादलीनंतर आईने नळ बंद केला. “खडकवासला रिकामं करणारेस का?” बरोबर होतं तिचं. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही चार धरणं मिळून आपल्याला पाणी पाजतात आणि उन्हाळ्यात आपण रोज पेपरात त्यांचे आकडे बघतो. एका स्पंजासाठी पाच बादल्या म्हणजे अतिच. शिवाय साबण पॅडमध्ये उरला तर पुढच्या वेळी तो पॉलिशमध्ये मिसळतो आणि पॉलिश पॅनेलवर नुसतं घसरत राहतं.

दुसरा प्रयोग कपड्यांच्या पावडरचा, गरम पाण्यात, रात्रभर भिजत. सकाळी पॅडची पाठ सुटून बादलीत तरंगत होती. पॅडच्या मागे जे वेल्क्रो असतं ते गोंदाने चिकटवलेलं असतं. कडक पावडर, गरम पाणी आणि आठ तास हे त्या गोंदाला सोसत नाही. (हे वेल्क्रो जॉर्ज द मेस्त्राल नावाच्या एका स्विस इंजिनिअरला सुचलं ते कुत्र्याच्या अंगाला चिकटलेली गोखरूसारखी बोंडं बघून. आमच्या सिंहगडाच्या पायथ्याला पँटला चिकटणारं कुसळ आपण नुसतं शिव्या देत काढतो.) वॉशिंग मशीनचा तिसरा प्रयोग मी सांगणार नाही. एवढंच सांगते की आमच्याकडे आता नवीन वॉशिंग मशीनला हात लावायची मला परवानगी नाही.

मग आणला खास पॅड क्लीनर. आणताना मलाही वाटलं होतं की हा सगळा मार्केटिंगचा फंडा असणार. फेसवॉश वेगळा, बॉडीवॉश वेगळा, तसा हा पॅडवॉश! पण फरक दिसतो, आणि त्याला कारण आहे. यात फेसापेक्षा तेल-मेण सुटं करण्यावर भर असतो. पॉलिशमधली तेलं, काही पॉलिशांमधलं मेण किंवा पॉलिमर हे साध्या साबणाला दाद देत नाहीत. या क्लीनरमधली सरफॅक्टंट आणि सौम्य सॉल्व्हंट ते पकडून पाण्यात सोडतात, आणि फेस कमी असल्यामुळे थोडक्या पाण्यात खळबळून निघतं. बाटलीत फवाऱ्याचा मिळतो, पाण्यात विरघळवायच्या पावडरीचाही मिळतो. कुठला का असेना, किती पातळ करायचा ते लेबलवर वाचा. ‘जरा जास्त टाकला की जास्त स्वच्छ’ हा आपला राष्ट्रीय नियम इथे चालत नाही. आणि हातमोजे घाला. स्टुडिओतली पोरं घालत नव्हती, बोटांची सालं निघालेली होती. आता घालतात, कारण मालकाने मोजे आणून ठेवले. पैसे कोणाकडून कापले नाहीत, हे मुद्दाम सांगते.

कृती म्हणाल तर सोपी आहे. काम संपल्या-संपल्या, पॉलिश ओलं असतानाच पॅडवर क्लीनर मारायचा. पाच-दहा मिनिटं थांबायचं. मऊ नायलॉन ब्रशने मधून कडेकडे घासायचं. राखाडी चिखल निघतो, तो बघताना मला भलताच आनंद होतो, कबूल करते. मग कोमट पाण्याच्या बादलीत, तळाला जाळी टाकून, तोंड खाली करून दाबायचं आणि सोडायचं, दाबायचं आणि सोडायचं. पिळायचं नाही! टॉवेल पिळतो तसं पिळलं की फोम आतून फाटतो. पाणी स्वच्छ निघेपर्यंत एवढंच. फोमला दोन बादल्या पुरतात. उरलेलं पाणी काढायला पॅड मशीनला लावून रिकाम्या बादलीत कमी स्पीडवर फिरवायचं. हे बादलीच्या आत करा. मी एकदा बाहेर केलं, तेव्हा समोरून देशपांडेकाकू... जाऊ दे.

वाळवायचं सावलीत. उन्हात फोम पिवळा पडतो, ठिसूळ होतो. ठेवताना फोम खाली, वेल्क्रो वर, म्हणजे पाणी गोंदाकडे उतरत नाही. पूर्ण वाळल्याशिवाय पिशवीत घालायचं नाही, नाहीतर कुबट वास येतो, बुरशी येते. जुलैमध्ये पुण्यात काहीही वाळत नाही, पॅडही नाही. मी पंख्याखाली ठेवते.

मायक्रोफायबरच्या पॅडची तऱ्हा वेगळी. त्याचे तंतू फार पटकन माखून बसतात, म्हणून ते प्रत्येक पॅनेलनंतर साफ करावं लागतं, आणि त्याला फॅब्रिक कंडिशनर अजिबात दाखवायचं नाही. लोकरीच्या पॅडला विंचरावं लागतं, अक्षरशः.

आणि पाण्याबद्दल एक. वाकड, बाणेर, हिंजवडीकडे राहणाऱ्यांना टँकर आणि बोअरचं पाणी काही नवीन नाही. त्या जड पाण्यात क्लीनर नीट काम करत नाही आणि वाळल्यावर पॅडमध्ये क्षार उरतात. शेवटची खळबळ तरी साध्या गोड पाण्याची द्यावी. कोणीतरी मला सुचवलं की आरओचं वाया जाणारं पाणी वापर. कल्पना संसारी आहे, पण त्या पाण्यात क्षार उलट जास्तच असतात. त्याने फरशी पुसा.

पण मालकाने शिकवलेली खरी गोष्ट धुण्याच्याही आधीची आहे. एकाच पॅडने अख्खी गाडी करायचीच नाही. एका गाडीला पाच-सहा पॅड हाताशी हवीत. आणि प्रत्येक पॅनेल झालं की मशीन कमी स्पीडवर फिरवत पॅडवर कोरडा ब्रश टेकवायचा, पंधरा-वीस सेकंद. कॉम्प्रेसर असेल तर हवा मारायची. लगदा तिथल्या तिथे निघतो. घासायच्या खरखरीत पॉलिशचं पॅड आणि शेवटच्या मऊ पॉलिशचं पॅड धुतल्यावरसुद्धा एकमेकांत मिसळायचं नाही. तो पॅडच्या पाठीवर मार्करने लिहून ठेवतो. मी लिहायला लागले तर म्हणाला, “अक्षर छान आहे, ताई, पण तारीख पण टाका.” कडा फाटल्या, वेल्क्रो सुटायला लागलं, किंवा दाबल्यावर फोम परत फुगत नसला, की ते पॅड टायरला आणि गाडीच्या आतल्या प्लॅस्टिकला वापरायचं. सिरॅमिक कोटिंग लावलेला स्पंज मात्र धुवायच्या फंदात पडू नका. ते कोटिंग आत घट्ट होतं, काचेसारखं. तो सरळ फेकायचा.

केसांना तेल नाही

या सगळ्यात बाबा काय करत होते? काही नाही. पेपर वाचत होते. मी गॅलरीत पॅड वाळत घालायचे, ते येता-जाता बघायचे.

फेब्रुवारीत एकदा रात्री जेवताना ते आपणहून बोलले. पेंट शॉपमध्ये सिलिकॉनची केवढी भीती असते ते सांगत होते. डिओडरंट, हेअर जेल, हाताला लावायचं क्रीम, कशात ना कशात सिलिकॉन असतं. त्याचा सूक्ष्म अंश जरी पत्र्यावर पडला तरी रंग तिथून बाजूला सरकतो आणि माशाच्या डोळ्यासारखा खड्डा पडतो. “म्हणून तुझी आई म्हणायची ना, यांना तेल लावून देते तर नको म्हणतात.” आई म्हणाली, “मला वाटायचं, माझ्या हातचं नको असतं.” तीस वर्षांनी खुलासा झाला. दोघंही हसले.

मग म्हणाले, रंगात कुठे धुळीचा कण अडकला तर शेवटच्या लाइनवर तो बारीक चकतीने घासून काढायचा आणि तेवढ्याच जागेवर पॉलिश मारायचं. बोटाच्या पेराएवढी जागा. ते काम बाबांनी बरीच वर्षं केलं. “पॅड गालाला लावून बघायचो आम्ही. हाताला कळत नाही, हात निबर असतात. गालाला कळतं.”

दुसऱ्या रविवारी मी बॉनेट करायला काढलं. गाडी दोन वेळा धुतली, क्ले फिरवली, कडांना टेप लावली. सहा पॅड ओळीने मांडली, सगळी धुतलेली, तारखा टाकलेली. बाबा टॉर्च घेऊन खाली आले. काही न बोलता पहिलं पॅड उचललं आणि गालाला लावलं. मग खाली ठेवलं. दुसरं उचललं. पाचवं बाजूला काढून ठेवलं. मी हात लावून बघितलं, मला काहीच लागलं नाही. पण ते वापरलं नाही.

बॉनेट चार भागांत केलं. प्रत्येक भागानंतर ब्रश, दर दोन भागांनंतर नवीन पॅड. सगळ्यात मऊ पॉलिशपासून सुरुवात केली, कारण मालकाचं सांगणं होतं की कमीत कमी ताकदीने होतंय का ते आधी बघायचं. नाही झालं, मग एक पायरी वर. तीन तास लागले. बाबा टॉर्च तिरकी धरून उभे. मध्येच म्हणायचे, “थांब. डावीकडे. अजून.” मशीनच्या आवाजात एवढेच शब्द.

दोन खोल चरे राहिले. मी पुन्हा मशीन उचललं तर बाबांनी प्लगच काढला. “राहू देत. त्याच्यासाठी अजून किती काढशील?”

नंतर स्टुडिओत जाऊन मोजलं. ९३.

२०२५ चा दसरा आला २ ऑक्टोबरला, गांधी जयंतीच्या दिवशी. आमची कंपनी दोन सुट्ट्या एकात गेल्या म्हणून हळहळत होती. खाली पार्किंगमध्ये सगळ्यांच्या गाड्या धुवायची गर्दी. २०१८ सालीच पुण्यातल्या वाहनांचा आकडा माणसांच्या आकड्याच्या पुढे गेल्याच्या बातम्या आल्या होत्या, ते दसऱ्याला पार्किंगमध्ये उभं राहिलं की पटतं. बाबांनी हार घातला. कुंकवाची वाटी घेतली, बॉनेटकडे गेले, उरलेल्या त्या दोन चऱ्यांच्या बरोबर वर, बोट अगदी हलकं टेकवत, स्वस्तिक काढलं.

“उद्या पुसताना पाणी मारून पूस,” म्हणाले. “कोरडं नको.”

तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी हे सगळं पाहिलं होतं. त्यांच्याकडे त्यांच्या वडिलांची जुनी लाल फियाट आहे, कव्हरखाली असते. मला म्हणाले, आमची पण करून दे की. जुन्या सॉलिड रंगाच्या गाड्यांवर क्लिअर कोट नसतो, पॉलिश केलं की रंगच थेट पॅडवर येतो. हे मला वाचून माहीत होतं. आईला माहीत नव्हतं. त्या संध्याकाळी न्हाणीघरातल्या बादलीत भडक लाल पाणी बघून तिने जी किंकाळी फोडली, ती वॉचमनकाकांपर्यंत गेली.